अवकाळीतली उघडीप: दुपारी टेकडी चढून उजेडात खाली कसं यायचं

दोन दिवस आभाळ गच्च. डिसेंबरात छत्र्या माळ्यावरून पुन्हा खाली आलेल्या, दोरीवरचे कपडे घरात पंख्याखाली, आणि जिन्यात भेटेल तो विचारतोय, "हा हिवाळा म्हणायचा की पावसाळा?" मग तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाचा एक चौकोन पडतो. टेकडीची चटक लागलेल्या पुणेकराला त्यानंतर पोळ्या लाटवत नाहीत.

मलाही लाटवत नाहीत. पण काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत अशाच उघडिपीला भुलून मी आणि माझी मैत्रीण सव्वाचारला टेकडी चढायला लागलो. पावसाने धुतलेली हवा, सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा काडीसारखा स्पष्ट. फोटोत तासभर गेला. उतरताना झाडीत अंधार झाला. दोघींत मिळून एकच विजेरी, म्हणजे मोबाईल, आणि त्यात नऊ टक्के बॅटरी. ओल्या मातीत माझा पाय गेला, मी हात टेकला आणि मनगट सुजलं. तीन आठवडे घरात पोळ्या नवऱ्याने लाटल्या. त्या कशा झाल्या ते इथे सांगत नाही.

त्या दिवशी पाऊस पडलाच नव्हता, आमचं चुकलं ते घड्याळात. म्हणून हा लेख उलट्या टोकाकडून वाचा: वर कधी पोहोचायचं ते नंतर, रस्त्यावर परत किती वाजता हवं ते आधी.

आधी उघडिपीची जात ओळखा

थंडीतला पाऊस आपल्याकडे साधारण दोन तऱ्हांनी येतो. एक, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तिकडून बाष्प येतं आणि आभाळभर एकसारखा राखाडी ढग पसरतो. गडगडाट कमी, पण रिपरिप तासन् तास. २०२१ च्या डिसेंबरचे पहिले दोन दिवस आठवा. त्या पावसात पुणे जिल्ह्यात, जुन्नर-आंबेगाव-शिरूरकडे, उघड्यावर बसवलेली शेकडो मेंढरं गारठून मेली. अंगावर लोकर असलेली जनावरं, आणि तीही हिमालयात नव्हे, महाराष्ट्राच्या पठारावर. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे उत्तरेतून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयाकडे सरकणाऱ्या पावसाळी हवेचा, पट्टा खाली महाराष्ट्रापर्यंत ओढला जातो. वर कोरडी थंड हवा, खाली समुद्राकडून आलेली दमट हवा. त्यात दुपारी ऊन तापलं की ढग आडवे पसरत नाहीत, उभे वाढतात. मग वीज, वारा, कधी गारा. फेब्रुवारीकडे कल झुकला की हीच तऱ्हा जास्त. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातला शेतकरी अजून विसरलेला नाही.

याचा टेकडीशी संबंध असा की पहिल्या तऱ्हेतली उघडीप म्हणजे दोन पट्ट्यांमधली फट. ती तासाभराची असेल किंवा अख्ख्या दुपारची, पण पुढचा पट्टा आला तरी बहुतेक वेळा तुम्ही भिजाल, गारठाल, इतकंच. दुसऱ्या तऱ्हेत मात्र हे लख्ख ऊनच फसवं असतं. तेच ऊन तीननंतरच्या ढगाला वाढवतं. म्हणून अकराला ऊन पडलं आणि बाराच्या आत क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, कडा कातरल्यासारखे ढग उभे राहायला लागले, तर मी त्या दिवशी कपाटातून बूट बाहेर काढत नाही. ढग पातळ, पिंजलेल्या कापसासारखा विरत चाललाय, मधूनमधून निळं दिसतंय, तर काढते.

दहा मिनिटांची चौकशी

हवामान खात्याचा मोठा पसारा आपल्याच गावात आहे हे पुणेकर विसरतात. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुनी माणसं अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ मध्ये कचेरी शिमल्याहून इथे आली. वेधशाळेला नावं ठेवणं हा आपला आवडता उद्योग असला, तरी त्यांनी दिलेलं बघायचं कसं ते एकदा शिकून घ्या.

आठवड्याचा अंदाज आज तुमच्या कामाचा नाही. कामाचा आहे तो पुढच्या तीन तासांचा तात्काळ इशारा, तो जिल्हावार येतो. नारिंगी किंवा लाल रंग दिसला तर प्रश्न मिटला, घरी भजी तळा. पिवळा असेल तर त्यात 'मेघगर्जना' किंवा 'विजा' हा शब्द आहे का ते वाचा. असेल तर छोटी टेकडी, नसेल तर पुढे वाचा.

दुसरं, इन्सॅटची उपग्रहचित्रं. एक चित्र बघून काही कळत नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाची चार ओळीने बघा आणि ढग कुठून कुठे सरकतोय ते बोटाने धरा. पावसाळ्याच्या सवयीने आपण आभाळ फक्त पश्चिमेला, पाषाण-एनडीएच्या बाजूला बघतो. अवकाळी पाऊस ती शिस्त पाळत नाही. खालचा वारा पूर्वेकडून आणि वरचा ढग नैर्ऋत्येकडून, असा उलटसुलट कारभार असतो. पाठीमागून, आग्नेयेच्या दिवे घाटाच्या बाजूने, काळं चढत येतंय आणि आपण सूर्यास्ताचे फोटो काढतोय, असं होऊ शकतं.

तिसरं, 'दामिनी' हे अ‍ॅप. पाषाणच्या आयआयटीएम या उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत तयार झालेलं आहे. तुमच्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. घरून निघताना एकदा आणि टेकडीच्या पायथ्याला एकदा उघडायचं. चाळीसच्या वर्तुळात ठिपके दिसले तर मी पायथ्याशी चहा पिऊन परत येते. तो चहा वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

आणि शेवटी गच्चीवर जा. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही: हवेत दमटपणा कमी झालाय का, वारा एका दिशेने लागतोय की घुमतोय, सिंहगड दिसतोय का.

उलटं गणित

पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या दोन-तीन मिनिटं आधी मावळतो, वर्ष संपताना सहा-दहाच्या आसपास आणि जानेवारी सरताना जवळजवळ साडेसहाला. त्यानंतरचा संधिप्रकाश फार तर वीस-पंचवीस मिनिटं, आणि झाडाखाली त्याच्याही निम्मा. शिवाय ढग असेल तर अंधार पंधरा मिनिटं आधीच येतो असं धरून चाला.

डिसेंबरच्या मध्याचं उदाहरण घेऊ. सूर्यास्त सहाच्या जरा पुढे. मला पावणेसहाला डांबरी रस्त्यावर पाय हवा. एरवी उतरायला चढण्यापेक्षा कमी वेळ लागतो, पण ओल्या वाटेवर दोन्ही वेळा सारख्याच धरा. चढायला पन्नास मिनिटं लागली तर उतरायलाही पन्नास. म्हणजे पाच वाजायला पाच कमी असताना मी पाठ फिरवायला हवी. वर बसायला अर्धा तास, चढायला पन्नास मिनिटं, म्हणजे तीन-पस्तीसला पायथा. त्यात घोळासाठी अर्धा तास, म्हणजे साधारण तीनला. पाठ फिरवायची वेळ मी मोबाईलच्या गजरात लावते, गप्पांच्या भरात ती लक्षात राहत नाही.

आता दुसऱ्या बाजूने. पाऊस थांबल्या थांबल्या निघू नका. मुरमाच्या वाटेवरून पाणी तास-दीड तासात निथळतं. काळ्या मातीचं तसं नाही, ती पाणी पिऊन फुगते आणि दोन-दोन दिवस चिकट राहते. अकराला उघडलं, जेवून दोनला घर सोडलं, तर पायवाट आणि घड्याळ दोन्ही जमून येतात.

कुठली टेकडी

उघडीप जेवढी, तेवढीच टेकडी. भरवसा तासाभराचाच असेल तर पर्वती. १०३ पायऱ्या, पाच-दहा मिनिटांत वर, आडोसा आहे, माणसं आहेत. पायऱ्यांचा दगड घासून गुळगुळीत झालेला आहे आणि ओला असताना कडेने, भिंतीला हात लावत उतरावं. तळजाईलाही याच रांगेत धरा, कारण गाडी वरपर्यंत जाते आणि पावसाचा थेंब पडला की गाडीत बसता येतं.

दोन-तीन तासांचा भरवसा असेल तर वेताळ टेकडी. शहराच्या आतलं हे सगळ्यात उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. खालचं शहर साडेपाचशेच्या जरा वर, म्हणजे चढ दोनशे-सव्वादोनशे मीटरचा. दम लागेल पण दिवस खाणार नाही.

सिंहगड आतकरवाडीकडून चढायचा तर अख्खी दुपार हवी. साधारण सहाशे मीटर चढ, सवय असलेल्याला तास-सव्वा तास, नसलेल्याला दोन. गड तेराशे मीटरवर, त्यामुळे पुण्यापेक्षा चार-पाच अंशांनी गार, आणि वारा वेगळा. अवकाळीच्या दिवसांत तिथे जायचं तर बारापर्यंत पायथा गाठा. घाटरस्ता दरडीमुळे बंद ठेवलेला नाही ना आणि नाक्यावरून वर कधीपर्यंत सोडतात ते आधी विचारून घ्या. वरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हे जायचं कारण म्हणून मला मान्य आहे, उशिरा निघायचं कारण म्हणून नाही.

कात्रज ते सिंहगड ही डोंगररांग मात्र उघडिपीत नको म्हणजे नकोच. एकामागून एक डझनभर टेकाडं, उघडी धार, अंगभर गवत, आणि मध्येच उतरायचं ठरवलं तर खाली गाडी नाही. तिथे पावसाने गाठलं तर पुढे जाणं आणि मागे येणं सारखंच लांब.

यापुढचं सगळं वेताळ टेकडी डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

अंगात, पायात, पाठीवर

जीन्स नको. एकदा भिजली की ती दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही आणि मांड्यांना बर्फाच्या फडक्यासारखी चिकटते. सुताचा जाड टी-शर्टही त्याच जातीचा. आत पटकन वाळणारा पातळ कपडा, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर विंडचीटर. लोकरीबद्दल धनगरांना विचारा. घोंगडी भिजली तरी ऊब सोडत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या डोक्यावरून तिची खोळ घेऊन माणसं पावसात उभी राहिलीत. चढताना स्वेटर पिशवीतच असू द्या, घाम आला की तोही आतून भिजतो. थांबलात की लगेच घाला, थंडी वाजायची वाट बघू नका.

बुटांच्या बाबतीत महागाचा मोह नको. महाराष्ट्रातले निम्मे ट्रेकर वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट घालून ओल्या कातळावर हिंडताहेत, कारण त्याचं रबर मऊ आहे आणि धरतं. जॉगिंगचे बूट, ज्यांचा तळ फेसासारखा असतो, ते चिखलात साबणावर ठेवल्यासारखे जातात. तळाची नक्षी झिजली असेल तर नवे घ्या किंवा घरी बसा.

पाठीवर फार काही नाही: अर्धा-पाऊण लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचे लाडू, छोटा थर्मास, कोरडे मोजे, कानटोपी, पोंचो, डोक्याला लावायची विजेरी, एक जुना गमचा. मोबाईल आणि पैसे दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशवीत, वर रबर. छत्री नेऊ नका. वर वारा ती उलटी करतो, आणि विजेच्या वेळी हातात धातूची दांडी उंच धरून उभं राहण्यात शहाणपणा नाही. त्यापेक्षा काठी घ्या.

एकटं जाऊ नका, आणि कुठल्या बाजूने चढून कुठल्या बाजूने उतरणार ते घरी सांगून जा. माझ्या सासूबाई यावर रोज एकच विचारतात, "परत किती वाजता?" लेखाच्या सुरुवातीला मी मोठा शोध लावल्यासारखं जे लिहिलंय, ते त्या वीस वर्षं विचारताहेत.

चढण

वेताळला वाटा पुष्कळ आहेत: पंचवटीकडून, गोखलेनगरकडून, कोथरूडच्या सुतारदऱ्याकडून. ओल्या दिवशी मी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कांचन गल्लीकडून चढते. वाट रुळलेली, माणसांची ये-जा भरपूर आणि जमीन बरीचशी मुरमाड. मेट्रोने आलात तर नळ स्टॉपला उतरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं, तेवढ्यात पाय गरम होतात.

पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू. जेवण पोटात असतं आणि हवा गार असल्याने आपण किती जोरात चाललोय ते कळत नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने.

आता पायाखाली बघा, कारण ओल्या टेकडीवर सगळी विद्या तिथेच आहे. लालसर-पिवळा, खडबडीत, दाणेदार तो मुरूम. त्यावर पाय बिनधास्त टाका. काळसर, चकचकीत, बुटाचा ठसा काठासकट उमटतो ती काळी माती. हा सगळा डोंगर बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो दगड झिजून झालेली ही माती. दहा पावलांत बुटाखाली तिचा थर चढतो, बूट अर्धा किलोने जड होतो आणि तळाची नक्षी भरून गेल्यावर तुम्ही मातीवर माती ठेवून चालत असता. काठीच्या टोकाने किंवा दगडाच्या कडेला घासून ती काढायची, दर वेळी. आळस केलात की घसरलात.

तिसरा प्रकार घसाऱ्याचा: कडक जमिनीवर सुटी बारीक खडी. कोरड्या दिवशी ती बॉलबेअरिंगसारखी पळते. गंमत म्हणजे पावसाने ती थोडी बसते, म्हणून घसारा ओला असताना उलट बरा. आणि चौथा, सर्वांत वाईट, म्हणजे सावलीतला शेवाळलेला कातळ आणि त्यावर पडलेला गिरिपुष्पाचा ओला पाला. माझं मनगट याच पाल्याखालच्या मातीने सुजवलं. पाला दिसला की काठीने बाजूला सारून खाली काय आहे ते बघा.

वाटेत डबकं किंवा चिखल लागला तर त्याला वळसा घालून गवतात शिरायचा मोह होतो. नका शिरू. एक तर वाट दर वर्षी हातभर रुंद होते आणि गवत मरतं. दुसरं, गवतात वनखात्याने पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले समतल चर असतात. ते पाण्याने आणि पाल्याने भरलेले असले की दिसत नाहीत, आणि त्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो. मधूनच चिखल तुडवत जा, बूट धुता येतात.

दोन दिवसांच्या गारठ्यानंतर ऊन पडलं की माणसंच बाहेर येतात असं नाही. घोणस थंडीत दुपारी उन्हाला येऊन वाटेच्या कडेला पडते. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, जाड, सुस्त, आणि डिवचलं तर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. दगडावर टेकताना, काठाला बसताना आधी बघा. चावलीच तर कापाकापी आणि आवळपट्ट्या नकोत. त्या माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट ससून किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

पठारावर

चढ संपून पठार लागलं की वाट पश्चिमेकडे वळते. डाव्या हाताला कोथरूड, उजवीकडे गोखलेनगर आणि सेनापती बापट रस्ता. वाटेत जुनी दगडखाण लागते, आणि पावसानंतर तिच्यात उतरलेलं आभाळ बघायला माणसं काठाशी जातात. काठ सुटलेला असतो, पाणी किती खोल ते वरून कळत नाही. चार पावलं मागे उभं राहूनही पाणी तेवढंच निळं दिसतं.

वेताळबाबाच्या देवळापर्यंत जायचं की नाही ते घड्याळाला विचारा. मी दहापैकी चार वेळा अलीकडूनच परत फिरते. पण पोहोचलात आणि हवा धुतलेली असेल, तर पुण्यात वर्षातून पाच-सहा दिवसच दिसतं असं काहीतरी दिसतं: वायव्येला पाषाणचं तळं, दक्षिणेला सिंहगड आणि त्याचा मनोरा, आग्नेयेला पर्वती, आणि त्यांच्या मधलं सगळं शहर धुराच्या पदराशिवाय. एरवी थंडीत हा धूर खालच्या गार हवेत अडकून राहतो, पावसाने तो खाली बसवलेला असतो. मोरांची ओरड ऐकू येते. पिवळ्या गवतावर थेंब असतात तोवर ते पिवळं नसून तांबूस आहे हे कळतं.

इथेच स्वेटर घाला, टोपी घाला, गूळ-शेंगदाणे खा. भूक लागलेल्या अंगाला थंडी दुप्पट वाजते. बसायला गमचा, ओल्या दगडावर थेट नाही.

वारा फिरला तर

एकदा देवळापाशी थर्मास उघडला होता, ऊन छान होतं, गजराला वीस मिनिटं होती. रोज टेकडीवर येणारे एक काका जाता जाता थांबले. म्हणाले, "ताई, वारा फिरलाय. निघा आता." मला काहीच वेगळं जाणवत नव्हतं. त्यांनी गवताकडे बोट केलं: येताना ते आमच्या तोंडाकडे झुकत होतं, आता पाठीकडून झुकत होतं. आम्ही निघालो आणि शेवटच्या वळणावर थेंब आले. तेव्हापासून वर पोहोचले की गवत कुठे झुकलंय ते बघून ठेवते.

वारा अचानक फिरणं किंवा पडणं, एकदम गार झोत येणं, ओल्या मातीचा ताजा वास येणं, घारी-कावळे घाईने खाली उतरणं. यातलं कुठलंही एक झालं तर गजराची वाट बघू नका.

वीज चमकली तर सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीसच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची कुठे पडेल ते तिचं तिलाच माहीत. माथ्यावरून लगेच खाली या. देवळाचा आडोसा पावसाला ठीक, विजेला नाही, कारण ते टेकडीच्या डोक्यावरच आहे. एकट्या उंच झाडाखाली, तारेच्या कुंपणाशी, मनोऱ्यापाशी थांबू नका. उतरायला वेळच नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि एकमेकांपासून दहा-पंधरा पावलं लांब बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा माथ्याकडे नाही.

नुसता पाऊस आला तर घाई करू नका. पोंचो घाला आणि आलात त्याच वाटेने उतरा. जवळची म्हणून अनोळखी वाट धरायची हीच वेळ नव्हे. बरोबरच्या माणसाकडे लक्ष ठेवा. नुसतं कुडकुडणं ठीक आहे. बोटांनी चेन लागत नाही, शब्द अडखळतात, चालताना झोकांडी जाते, उगाच चिडचिड होते, असं दिसलं तर तिथेच थांबवून ओला कपडा काढा, कोरडा घाला, कानटोपी घाला, साखरेचा गरम चहा द्या. 'थोडी घे म्हणजे ऊब येईल' हा सल्ला देणाऱ्याला गप्प बसवा. दारूने कातडीला गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते.

उतरण

बहुतेक माणसं पडतात ती शेवटच्या पाव भागात, जेव्हा खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागलेले असतात. गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, टाच खुपसून नाही तर पूर्ण तळवा टेकवून. तीव्र उतारावर आडवे, तिरके उतरा. हात खिशात नकोत. घसरलातच तर मागे बसा, हात मागे टेकू नका. ही माझ्या मनगटाकडून आलेली सूचना आहे.

विजेरी अंधार पडल्यावर नाही, रंग फिके दिसायला लागले की लावा. उशीर झालाच तर गटाने राहा आणि मोठ्याने बोलत चाला. अंधारात कुत्र्यांच्या टोळ्या अंगावर येतात, आणि टेकडीवर लुटालुटीचे प्रकारही झालेले आहेत. ११२ हा नंबर पटकन लागेल असा ठेवा.

खाली आलात की पहिल्यांदा घरी फोन, मग अमृततुल्य. क्रीमरोल ऐच्छिक.

घरी आल्यावर

बूट हीटरपुढे ठेवू नका, डिंक सुटतो. चिखल वाळू द्या, झटका, मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला.

मोज्यांत आणि लोअरच्या पायांत कुसळं भरलेली असतील. ती धुवायच्या आधीच काढा, धुतल्यावर आणखी आत जातात. चिमट्याने टोकाकडून ओढायची, शेपटीकडून नाही. त्यातली एक-दोन फेकू नका. कुसळाची ती लांब काळी शेपटी वाळलेली असताना दोरीसारखी पिळलेली असते. एका बशीत थोडं पाणी घेऊन त्यात एक टाका आणि मिनिटभर थांबा. भिजली की तिचा पीळ सुटायला लागतो आणि ती बशीत आपली आपण गोल फिरते. पाऊस पडला की ती टेकडीवर अशीच फिरते आणि बी जमिनीत रुतवते. माझ्या भाचीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा किंचाळून बशी सोडली होती, तिला वाटलं किडा आहे.